पुढची सीट

थोरलीच्या कानावर ते 'अगं' पडलं तेव्हा ती अजून शेडच्या दारातच होती. एका हातात केकचा खोका, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

"अगं आई, तो हात डोळ्याला लावू नकोस, थिनर आहे त्याला," रंगारीण आतून म्हणाली.

"नाही लावत गं बाई," आई म्हणाली.

बोलणं एवढंच. दुसरं कुणी असतं तर कानामागे टाकून आत गेलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी ही रंगारीण थोरलीच्या धाकट्या भावाशी लग्न करून घरात आली, तेव्हापासून सासूला 'अहो आई' म्हणत होती. तुम्ही बसा, तुम्ही जेवलात का, असं रीतसर चाललं होतं. त्या 'अहो'चं एक कुंपण होतं आणि त्याच्या आत थोरलीची जागा होती. आईला 'तू' म्हणायचा हक्क पोटच्या दोघांचा. ते कुंपण कधी निघालं, कुणी काढलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आईच्या आवाजात तर ते कधी होतं याची खूणसुद्धा नव्हती.

थोरली आत गेली. मधोमध बिऱ्हाड उभं होतं.

कॅम्पर व्हॅन हे त्या गाडीचं कागदावरचं नाव. बाबांनी ती घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे आता बिऱ्हाड पाठीवरच," आणि तेच नाव पडलं. दरवर्षी सुट्टी लागली की चौघं त्यात बसून निघायचे, स्टोव्ह, पांघरुणं, पाण्याचे कॅन घेऊन. पुढे मुलं मोठी झाली, प्रवास थांबले, बाबांनी गाडी आपल्या भावाच्या शेडमध्ये आणून लावली. बाबा गेल्यावर थोरलीने ती एकदाच पाहिली होती. चाकं बसलेली, दारांचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला, छतावरच्या कापडात कसल्याशा पक्ष्याने घरटं केलेलं.

आता ती खाली हिरवी आणि वर साईच्या रंगाची होती. हिरवा तोच, बाबांच्या वेळचा. थोरलीचं चष्म्याचं दुकान होतं. केसाएवढा ओरखडा काचेवर असला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. कुठे रंगाचा ओघळ दिसावा, कुठे पुट्टी उठलेली दिसावी, असं तिला फार वाटत होतं. कुठेच काही नव्हतं. रंगारीण मोटारींच्या गॅरेजात रंगकाम करायची आणि हात तर सोन्यासारखा होता. 'रंगारीण' हे नाव कुटुंबात आता कौतुकाने घेतलं जायचं. ते पहिल्यांदा थोरलीनेच वापरलं होतं. तेव्हा कौतुकाने नव्हे.

"कशी वाटते, ताई?" रंगारणीने विचारलं. कपाळाला रुमाल, गालावर हिरवा ठिपका.

"छान झालीय," थोरली म्हणाली आणि सरकतं दार ढकलून आत डोकावली.

आत नव्या सीट्स होत्या, आईने शिवलेले पडदे होते, पुसून लख्ख केलेली छोटी मोरी होती. वर मात्र मोकळं होतं. छताखाली जी फळी असायची, शिडीने चढून जायची, जिच्यावर थोरली लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या झोपली होती, ती फळी नव्हती.

"वरची फळी काढली?"

"कुजली होती हो. पाणी मुरून मुरून नुसता भुसा झाला होता," रंगारीण म्हणाली. "आणि आता वर चढून झोपणारं आहे कोण? काढल्यावर बघा कसं ऐसपैस वाटतंय."

आईनेही मान हलवली. थोरलीने केकचा खोका मोरीशेजारी ठेवला आणि हात धुवायला म्हणून बाहेर आली. नळाखाली तिने हात बराच वेळ धुतले. स्वच्छ हात.

त्या दिवशी सगळे जमले होते ते काकांच्या बोलावण्यावरून. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना आता एवढी जागा झेपत नव्हती. घर आणि शेड विकून लेकीजवळ राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा गाडीचं काय करायचं ते बोलून टाकू, असा निरोप त्यांनी दिला होता. त्या निरोपाच्या मागे थोरली होती. महिनाभर ती काकांना फोनवर समजावत होती. आईचं वय झालं, गाडी ठेवायला जागा नाही, असली जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. चांगला माणूस घेणारा असेल तर देऊन टाकावी. काकांना ते पटलं होतं. धाकट्यालाही तिने गाठलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरात कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना बरोबर म्हणायचा. पण या वेळी त्याचंही दुखणं होतं. त्याने हसत हसत सांगितलं की सुट्टीच्या दिवशी बायको दिसतच नाही, आईने पळवून नेलीय. दोघी शेडमध्ये असतात आणि तो घरी अंडी उकडून खातो. "विकली तर मला काही वाईट वाटणार नाही," असं तो म्हणाला होता. थोरलीने ते पक्कं धरलं.

आणि घेणारा माणूसही तिने पाहून ठेवला होता. जुन्या गाड्यांचा एक शौकीन तिच्या दुकानात चष्म्यासाठी यायचा. त्याला तिने जेवणानंतर यायला सांगितलं होतं. हे मात्र ती कुणाला बोलली नव्हती. आपण हे आईच्या भल्यासाठी करतोय, असं ती स्वतःला इतक्या वेळा सांगून बसली होती की आता तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

जेवायला अंगणात टेबल मांडलं. काकांनी ठरल्याप्रमाणे विषय काढला. शेड जाणार, गाडी उघड्यावर राहणार, तेव्हा भावनेच्या भरात न जाता विचार करायला हवा, असं ते घसा खाकरून म्हणाले. थोरलीने त्यात भर घातली. तिने काळजीच्या सुरात सांगितलं की बाबा होते तोवर ठीक होतं, चालवणारं माणूस होतं. आता नुसती उभी करून पुसत बसायची का?

आईने ताटातला बटाटा सोलून संपवला, हात पुसले.

"चालवणार मी," ती म्हणाली. "लायसन्स काढलंय."

काकांना ठसका लागला. धाकट्याने त्यांना पाणी दिलं, आणि त्या घाईत बहिणीकडे बघायचं टाळलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग सगळं बाहेर आलं. गॅरेजच्या मागे मोकळं मैदान होतं, तिथे रंगारीण आईला कितीतरी सकाळी गाडी शिकवत होती. पहिल्या परीक्षेत आईने मागे घेताना गाडी खांबाला टेकवली आणि नापास झाली. दोघी रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसल्या होत्या म्हणे. दुसऱ्या वेळी पास. आता पावसाळा सरला की किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, जिथे आवडेल तिथे थांबायचं, असं ठरलं होतं.

"आम्ही दोघी," आई म्हणाली. "हिने रजा टाकलीय."

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. दोघी. नापास झाल्याचं तिला कळलं नव्हतं, पास झाल्याचं कळलं नव्हतं. आई जन्मात कधी पोट धरून हसलेली तिला आठवत नव्हती. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी मोजून घरी येणारी, आल्यावर पुन्हा घरातल्या चादरी धुणारी, ओठ मिटलेली बाई. ती कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून हसते, आणि तो खांदा आपला नाही. आगीत हात घालावा तसं झालं तिला. तिने रंगारणीकडे पाहिलं. ती शांतपणे केक कापत होती आणि सगळ्यात मोठा तुकडा तिने न विचारता आईच्या ताटलीत ठेवला.

काका म्हणाले, वहिनी, ही गाडी काही साधी नाही, स्टिअरिंग जड, ब्रेक उशिरा लागतात, भल्याभल्यांना घाम फोडते. आई म्हणाली, फोडला की मलाही. धाकटा कुजबुजला की हे वय शिकायचं नाही असं कुणी ठरवलंय, आणि थोरलीला कळलं की हा गडी गेला.

तेवढ्यात फाटकाशी शौकीन येऊन उभा राहिला. सभ्य, म्हातारा, टोपी हातात घेतलेला. त्याने गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो वाकून खालचा पत्रा बोटाने वाजवत फिरला, दाराचे रबर दाबून पाहिले, आत डोकावून पडद्यांची शिलाई पाहिली. शेवटी थोरलीकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा किती तरी चांगली निघाली. आपण फोनवर बोललो तो सौदा मला मान्य आहे. आज म्हणालात तर आज."

रंगारणीच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली. काकांना शौकिनाचा काहीच पत्ता नव्हता. ते पुतणीकडे असे बघू लागले की तिला टेबलाखाली जावंसं वाटलं.

आईने मात्र पाहुण्याला खुर्ची दिली, चहा दिला. गाडी विकायची नाही, पण बघायला आलात ते बरं झालं, असं सांगितलं. त्याने इंजिन ऐकण्याची इच्छा दाखवली तेव्हा तिने रंगारणीला खूण केली. मागच्या बाजूला इंजिन खोकलं, अडखळलं आणि मग एका सुरात घरघरू लागलं. त्या आवाजाने काकांचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते उठून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. तो आवाज त्यांच्या मोठ्या भावाच्या अंगणातला होता. तो ऐकला की सुट्टी लागली असं त्या गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं. परत आले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की घर विकलं जायला अजून अवकाश आहे, आणि विकलं तरी घेणाऱ्याला शेडची काय घाई. थोरलीच्या बाजूला आता कुणी उरलं नाही. शौकीन टोपी घालून, पुन्हा एकदा मागे वळून बघत, निघून गेला.

"भांडी धुवायला चल," आई तिला म्हणाली.

नळ शेडच्या मागे होता. दोघी बसल्या. आई घासत होती, थोरली विसळत होती.

"मला सांगायचं होतंस," शेवटी थोरलीच म्हणाली. "लायसन्सचं. प्रवासाचं. परक्यासारखं जेवणाच्या टेबलावर कळलं मला."

"तू सांगितलंस, गिऱ्हाईक बोलावलंस ते?"

थोरलीने ताटली विसळली, तीच पुन्हा विसळली. मग तिचा आवाज चढला. "ती कोण लागून गेली? सहा वर्षं झाली तिला. तिच्याशी हसतेस, तिच्याबरोबर फिरायला निघालीस. माझी फळी फेकून दिलीत दोघींनी. माझ्याशी कधी अशी होतीस तू?"

"तुला मी सगळ्यांच्या आधी विचारलं होतं," आई म्हणाली. "छत उघडायचं होतं तेव्हा. एकदा नाही, तीनदा फोन केला. तू म्हणालीस, मोडीत काढ, कुठे त्यात जीव घालतेस. मग ही म्हणाली, मी येते."

हे खरं होतं. थोरलीला ते फोन आठवले; दुकानात गर्दी होती आणि आईचं बोलणं लांबत चाललं होतं. तिने पुढची ताटली ओढली. आई एवढ्यावर थांबली असती तर ते तिथेच मिटलं असतं. पण आईने घासणी खाली ठेवली.

"आणि आणखी एक सांगते. सांगणार नव्हते, पण आज तू एवढं केलंस म्हणून सांगते. मला तुझा हेवा वाटायचा."

"माझा?"

"तुझा. पोटच्या पोरीचा. लाज वाटते, पण वाटायचा. सगळ्या प्रवासांत तू पुढे बसायचीस, बाबांच्या शेजारी. नकाशा तुझ्या मांडीवर. त्यांना रस्ता तूच सांगायचीस, दुसऱ्या कुणी सांगितलेला चालायचा नाही. आणि मी मागे. धाकटा मांडीवर झोपलेला, एका हाताने स्टोव्ह धरलेला, कारण वळणावर तो घसरायचा. इंजिन माझ्या पाठीशी. पुढे तुम्ही दोघं काहीतरी बोलून हसायचात आणि मला अक्षर ऐकू यायचं नाही. मी ओरडून विचारायची, काय झालं? तू मागे वळून म्हणायचीस, काही नाही गं आई."

थोरलीला त्या प्रवासातल्या पुष्कळ गोष्टी आठवत होत्या. घाटातलं धुकं, बाबांचं शीळ घालणं, समुद्र पहिल्यांदा दिसला ते वळण. आईचा चेहरा आठवून पाहिला तर तो येईना. यायचा कुठून, ती मागे बसलेली.

"बाबांनी कधी म्हटलं नाही, तू पुढे ये म्हणून?"

"म्हणाले असतील एखाद वेळी. तू रडायचीस." आईने हात झटकले. "तर आता मला पुढे बसायचंय. आणि चालवायचंय. एवढंच आहे ते. ती फळी खरंच कुजली होती, आणि काढताना मला वाईट वाटलं नाही, हेही खरं."

हे ऐकून थोरलीला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. आपण आठ वर्षांच्या होतो, आपल्याला काय कळत होतं, असं तिच्या ओठावर आलं. ते तिने गिळलं, कारण आता तर आपण आठ वर्षांच्या नाही, हे पुढचं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

दुपार कलल्यावर आईने गाडी बाहेर काढायचं ठरवलं. गावाबाहेर टेकडीवर पाण्याची टाकी होती, तिथवर जाऊन यायचं. धाकटा आणि काका टेबल आवरायला राहिले. रंगारीण आईच्या शेजारी बसली. थोरलीला कुणी 'चल' म्हणालं नाही आणि 'नको' म्हणालं नाही. ती सरकतं दार उघडून मागे जाऊन बसली.

गाडी सावकाश निघाली. मागे इंजिनाचा असा कल्लोळ होता की दात थरथरावेत. समोर दोन पाठी. एक आईची, ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दुसरी रंगारणीची, किंचित कललेली. वळणावर मोरीतली भांडी घरंगळत आली, थोरलीने ती पायाने अडवली. पुढे दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. काय ते तिला कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं. तिने विचारलं नाही.

टेकडीच्या अर्ध्या चढावर गाडी गचके खाऊन बंद पडली. आईने ब्रेक दाबला, पण गाडी हातभर मागे सरकली तेव्हा ती बारीक आवाजात ओरडली. रंगारणीने डॅशबोर्डखालचा हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला, उडी मारली आणि रस्त्याकडेचा मोठा दगड आणून मागच्या चाकाखाली सारला. हँडब्रेक नवा होता आणि कमालीचा ताठ. तो सोडायला आणखी एक माणूस हवंच होतं; आईचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले.

"ताई, तुम्ही पुढे जा," ती खिडकीतून म्हणाली. "मी मागून बघते. आई हो म्हणाली की दांडा फिरवायचा आणि आत ढकलायचा."

थोरली उतरून पुढे चढली. आईची मूठ गिअरवर घट्ट आवळलेली होती. वरच्या ओठावर घाम होता. इतक्या जवळून तिने आईला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सावकाश," थोरली म्हणाली. "घाई नाही. मी आहे."

"मागे गेली तर?"

"दगड आहे. मीपण आहे."

इंजिन सुरू झालं. आईने क्लच सोडत आणला, गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं. "हो," आई म्हणाली. थोरलीने दांडा पिळला, ढकलला, आणि बिऱ्हाड गर्जत चढाला लागलं.

"थांबू का? ती मागे राहिली," आई ओरडली.

थोरलीने बाजूच्या आरशात पाहिलं. रंगारीण रस्त्याच्या मधोमध हात हलवत उभी होती आणि भराभर लहान होत होती. थोरलीला जो आनंद झाला तो तिने पुढे कधी कुणाला सांगितला नाही.

"चढावर थांबू नकोस," ती म्हणाली. "सपाटीला थांब. उजवीकडे धर, खड्डा आहे. आता तिसरा टाक."

आईने तिसरा टाकला. टाकीपाशी सपाटी आली, गाडी थांबली, आणि आईने स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला सुरुवात केली. हसता हसता तिने थोरलीच्या गुडघ्यावर चापट मारली. दोघी कशाला हसत होत्या हे सांगता आलं नसतं. खाली गाव, छपरं, काकांच्या अंगणातलं उघडं टेबल. सगळं ऐसपैस पसरलेलं. दोघी ते बघत बसल्या.

बऱ्याच वेळाने रंगारीण धापा टाकत वर आली. चेहरा लालबुंद, रुमाल हातात. ती सवयीने पुढच्या दाराशी गेली, दार उघडलं, आणि आत थोरली बसलेली पाहून थबकली. तिने आईकडे पाहिलं. आई अजून हसण्याने भिजलेले डोळे पुसत होती. रंगारणीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं, आणि थोरलीने ते ताबडतोब ओळखलं. ओळखणार नाही तर काय. सकाळपासून तेच घेऊन ती वावरत होती.

उतरून जागा द्यावी, असं तिच्या मनात आलं. मुलगी एवढा चढ पायी चढून आली होती. गाडी तिने उभी केली होती, गंजापासून रंगापर्यंत. थोरली सीटवर तशीच बसून राहिली.

"परतताना तू बस," ती म्हणाली.

रंगारणीने श्वास घेतला. "आत्ता टाकीला वळसा मारला की परतायचंच आहे."

"हो. वळसा मारून झाला की."

मग रंगारणीने पुढचं दार लावलं, जरा जोरातच, आणि सरकत्या दाराने मागे चढली. आईने एकदा शेजारी आणि एकदा आरशात मागे पाहिलं, आणि पहिला गिअर टाकला.